हसले त्याची लाज

"शर्ट घाल," वहिनीसाहेब म्हणाल्या.

मी स्टेजमागच्या कनातीआड उभी होते. अंगावर जांभळी साडी, भावाच्या लग्नात घेतलेली. तिची घडी मोडायला जीव होत नव्हता, पण त्या दिवशी मोडली. पत्रिकेत माझं नाव छापलं होतं ना. तालुक्याच्या मंगल कार्यालयात नवउद्योजक मेळावा आणि सत्काराच्या नावांत मी. आणि आता वहिनीसाहेबांच्या माणसानं माझ्यापुढं एक मळका पुरुषी शर्ट धरला होता. कॉलर विरलेली, बाह्या लांब.

ऊस तोडताना आम्ही बाया साडीवर असाच शर्ट घालतो. उसाच्या वाळक्या पाल्यानं, पाचटानं हात ओरबाडून निघतात म्हणून. हौसेनं नाही.

मी म्हटलं, मी आता ऊस तोडत नाही, येसर विकते. त्यासाठीच तर बोलावलंय ना मला. त्या गोड हसल्या. "अगं, कुठून कुठं आलीस ते लोकांना दिसायला नको का?"

घातला मी शर्ट. जांभळी साडी झाकून गेली. मग हातात कोयता आला, नवा कोरा, मुठीला दुकानाची चिठ्ठी तशीच. डोक्यावर वाढ्याची मोळी आली. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जनावरांना घालतात तो. तशी मी स्टेजवर गेले.

निवेदकानं आवाज चढवला, काल हातात कोयता, आज हातात उद्योग. टाळ्या पडल्या. फोटोवाला खालून म्हणाला, "ताई, पातं कॅमेऱ्याकडं करा. आन् हसा जरा."

मी हसले. चांगले दात दाखवून.

वहिनीसाहेबांनी माइक घेतला. दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला. म्हणाल्या, "ही आमच्याच गावची. नवरा वारला. अर्धा कोयता झाली बिचारी, कोणी नेईना. आम्ही हिला पूर्ण केलं."

अर्धा कोयता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम विचारतो, या वस्तीतनं किती कोयते निघणार? माणसं किती, असं तो कधी विचारत नाही. नवरा मेला की बाई अर्धा कोयता. अर्ध्याला कुणी लवकर नेत नाही. नेलंच तर दिराच्या, नाहीतर भावाच्या जोडीला लावून. मुकादमानं हा शब्द वापरला तर एकवेळ समजू शकते, तो त्याचा धंदा. पण इथं भरल्या सभेत, माइकवर, पदराला पिना लावून बसलेल्या बायांपुढं. आणि मी मान हलवली. हो हो, असंच आहे, असं सांगितल्यासारखी.

शेवटच्या रांगेत माझी माय बसली होती. उभा जन्म ऊस तोडण्यात गेला तिचा. लेकीचा सत्कार म्हणून कौतुकानं आली होती. मी स्टेजवरून तिच्याकडं बघितलंच नाही.

वहिनीसाहेब म्हणजे आमच्या गावच्या मालकांची सून. निम्मं शिवार मालकांचं, शाळा मालकांची, दूध डेअरी मालकांची, आणि निवडणूक कुठलीही असो, सभा त्यांच्याच बंगल्यापुढं. वहिनीसाहेब पुण्याला शिकलेल्या. त्यांनी गावोगावच्या नव्या धंदेवाल्यांसाठी प्रशिक्षण काढलं, तालुक्याला विक्री केंद्र काढलं. खोटं कशाला बोलू, माझा येसर त्या केंद्रातूनच खपत होता. येसर तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगते. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, मसाला भाजून दळायचं. पाण्यात कालवून फोडणीत ओतलं की आमटी तयार. भाजी नसली तरी भाकर ओली होते. माय तोडीला जाताना गाठोडं भरून न्यायची. तेच मी पाकिटात भरून विकायला लागले. पाकिटावर फोटो मात्र वहिनीसाहेबांचा. त्यांच्या चेहऱ्यानं माल उठतो म्हणे. त्या बाईनं जन्मात येसर भाजला नसेल.

पण माझा जीव त्या केंद्रात अडकला होता. केंद्र सुटलं तर दसऱ्यानंतर पुन्हा उसाचा फड, पुन्हा पाचटाची झोपडी, कोप. आणि माझी लेक आठवीत. तिला बरोबर न्यावी तर शाळा गेली. मागं ठेवावी तर म्हातारीच्या भरवशावर वयात आलेली पोर कोण ठेवतं? मग आमच्यात जे करतात तेच करायचं, बघायचा एखादा मुलगा आणि द्यायची उरकून. माझं तसंच उरकलं होतं. तिचं उरकायचं नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी मी येसर भाजत होते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी शर्ट घातला.

मेळावा संपल्यावर आम्हा सगळ्या स्टॉलवाल्यांना एकाच टेम्पोत बसवून दिलं. आमची खोकी, आमच्या पिशव्या आणि आम्ही. माझ्या मांडीवर शाल आणि नारळ. माय शेजारी. टेम्पो गावाबाहेर पडला तेव्हा माय म्हणाली, "पातं भायेर करून धरलं व्हतंस. फडात कोयता तसा धरला असता तर पाय गेला असता तुजा."

एवढंच. रागावली नाही. कामातली चूक दाखवावी तसं बोलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड लपवायला टेम्पोत जागा नव्हती.

समोर एक बाई बसली होती. नसीमआपा. सिरसाळ्याच्या, शाळेच्या मुलांचे कपडे शिवतात. तोवर आमची नुसती तोंडओळख. मांडीवरची काळी घडी उचलून दाखवत त्या मायला म्हणाल्या, "मौसी, मला म्हनले, बुरखा घालून या. फोटोत वळखू आलं पायजे म्हनले. मी तर घालतच न्हाई. शेजारनीचा मागून आनला."

टेम्पोत जरा हालचाल झाली. मागच्या कोपऱ्यातून एक माणूस बोलला. दिगंबरभाऊ, करडईच्या तेलाचा घाणा चालवणारे. "माझ्या घान्याला मोटर हाय. म्हनले, मोटर नको, जुनं दिसलं पायजे. बैल आनायला मानूस धाडला. बैल काय मिळंना. मंग मलाच जुंपलं."

नसीमआपा हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. दिगंबरभाऊपण हसले, मग सगळा टेम्पो हसला. मीही हसले आणि हसता हसता रडायला लागले, आणि ते थांबेना. कुणी गप्प बस म्हटलं नाही. कुणी बिचारी म्हटलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, स्टेजवर मी एकटी नव्हते. वाटत होतं की लाज माझी आहे, माझ्यातच काही खोट आहे म्हणून मला शर्ट चढवला. आणि इथं तर धडधाकट माणसाला बैल केलेलं.

त्यानंतर आम्ही बसायला लागलो. बाजाराच्या दिवशी, दुपारी, नसीमआपाच्या दुकानात. कापडाच्या ताग्यांमध्ये सतरंजी टाकून. कधी चौघं, कधी दहा जण. सगळे नवखे, सगळ्यांचे धंदे छोटे. नाव नाही, बोर्ड नाही, अध्यक्ष नाही. नियम एकच, तो आपांनी घातला होता. आधी काय बिघडलं ते सांगायचं. चांगलं झालेलं नंतर, वेळ उरला तर.

मला तो नियम काही झेपला नाही. पहिल्या दिवशी माझी पाळी आली आणि मी उभी राहिले. हो, उभी राहिले, सतरंजीवर. वहिनीसाहेबांच्या प्रशिक्षणात आम्हाला बोलायला शिकवलं होतं. मान ताठ, आधी नाव, मग हलाखी, मग ज्यांनी हात दिला त्यांचे आभार, मग यश. मी तसंच म्हणून दाखवलं. माझ्या येसरला पुण्याहून मागणी आहे असंही ठोकून दिलं. कसली मागणी? एका पाव्हण्यानं जाताना दोन पाकिटं नेली होती.

आपांचे पाय मशिनवर होते. ते थांबले. "ये सब तिकडं बोलायचं, बाई," त्या म्हणाल्या. "इथं बस खाली. काय बिघडलं?"

मी बसले. काही नाही बिघडलं म्हणाले. कान तापले होते. घरी येताना ठरवलं, पुन्हा जायचं नाही. शहाणी. समजते कोण स्वतःला. पुढच्या बाजाराला पाय आपोआप तिकडंच वळले, कारण बिघडलं होतं. लई बिघडलं होतं. माझ्या पाकिटांना जाळी लागत होती. आतला येसर दमट, कुबट वासाचा. केंद्रातून पाकिटं परत येत होती आणि मी ती मायलाही न दाखवता उकिरड्यात पुरत होते. दरवेळी वाटायचं, आपलीच लायकी नाही. ऊसतोडीच्या बाईनं धंद्याच्या भानगडीत पडायचंच कशाला. वहिनीसाहेबांना विचारायची सोय नव्हती. त्यांच्या भाषणात मी पूर्ण झाले होते. पूर्ण झालेल्या बाईच्या पाकिटात किडे कसे चालतील? त्यांना माझं दुःख हवं होतं, पण जुनं. चालू दुःखाला तिथं जागा नव्हती.

सतरंजीवर मी ते सगळं सांगितलं. खाली मान घालून, सतरंजीचा दोरा उसवत. येसर उकिरड्यात पुरते हेही सांगितलं. पुरते ते अन्न आहे, हेही.

दिगंबरभाऊंनी विचारलं, "दळून आनल्या आनल्या भरतीस का?"

मी हो म्हटलं. गिरणीतून आलं की लगेच, गरम गरम. लवकर आटपावं म्हणून.

"मंग आत घाम धरनारच की. माझ्या पेंडीचं बी तसंच झालतं. पसरून गार होऊ दे, मंग भर."

झालं. एवढंच होतं ते. माय दळण आणून परातीत पसरायची, मग कापडी पिशवीत भरायची. मी लहानपणापासून बघत आले होते आणि पाकिटाच्या घाईत विसरले. इतके महिने मी स्वतःला खात होते ती एवढ्याशा गोष्टीसाठी. हसू आलं आणि लाजही वाटली, पण ही लाज निराळी होती. हिनं माणूस मरत नाही. आपा म्हणाल्या, त्यांनी एकदा अख्ख्या वर्गाच्या शर्टांना उजवीकडं खिसे लावले होते आणि मास्तर दुकानात येऊन बोंबलला होता. मग एकेकाचं निघालं. कुणाचे पापड फुटलेले, कुणाची मेणबत्ती वाकडी. त्या दिवशी चांगलं झालेलं सांगायला वेळच उरला नाही.

मग मेळावा पुन्हा आला. वहिनीसाहेबांचा माणूस घरी निरोप घेऊन आला. या वेळी मोठे पाहुणे आहेत. कोयता घरचाच आण, जुना, वापरलेला. नवा फोटोत खोटा दिसतो म्हणे.

मी ते बैठकीत सांगितलं. मला वाटलं, सगळे म्हणतील, जाऊ नको. कुणी तसं म्हणालं नाही. दिगंबरभाऊ म्हणाले, ते जाणार आहेत, त्यांच्या परवान्याचं काम मालकांकडं अडकलंय. बैल व्हायचं तर होतील. त्यांनी हे सतरंजीकडं बघत सांगितलं आणि आम्ही कुणी त्यांना बोल लावला नाही. आपा मला म्हणाल्या, "तुझा तू फैसला कर. केंद्रातून माल काढला तर माझ्या दुकानात ठेव. पन केंद्राएवढा खपनार न्हाई, ते बी ऐकून ठेव." दिगंबरभाऊ म्हणाले, घाण्यावर पण ठेव. आणखी दोघी तिघी बोलल्या. कुणी धीर दिला नाही, कुणी माझी गोष्ट माइकवर सांगणार नव्हतं. नुसती आपापल्या फळीवर थोडी जागा दिली.

मी बंगल्यावर गेले. वहिनीसाहेब व्हरांड्यात खुर्चीवर, मी पायरीखाली. मला बस म्हटलं नव्हतं, आधीही कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा ध्यानात आलं. मी सांगितलं, येसर घेऊन येते, स्टॉल लावते, विचाराल ते सांगते. शर्ट घालणार नाही. कोयता धरणार नाही.

त्यांना राग आला नाही. त्यांना वाईट वाटलं, आणि तेच मला जड गेलं. म्हणाल्या, "अगं, त्यात लाज कसली? तुझ्याच कष्टाची वस्तू आहे ती."

प्रशिक्षणात शिकवलेलं काही आठवेना आणि बरंच झालं.

"कोयत्याची लाज न्हाई, वहिनीसाहेब. कोयत्यानं मला खाऊ घातलंय. त्यो धरून तुमच्याफुडं हसले त्याची हाय."

त्या खुर्चीवरून उठल्या. मग म्हणाल्या, केलेलं विसरता तुम्ही लोक. मग म्हणाल्या, केंद्रातला माल उचल.

तुम्ही लोक. मी एकटी उभी होते पायरीखाली.

माल उचलला. केंद्रातल्या मुलीनं पाकिटं पोत्यात भरून दिली, माझ्याकडं न बघता. घरी येऊन एकेक पाकीट फोडलं, येसर कोऱ्या पिशव्यांत भरला. वहिनीसाहेबांचा चेहरा चुलीत घातला. आनंद वगैरे काही झाला नाही. माय परातीशी बसून पिशव्या बांधत होती. म्हणाली, "दसऱ्याला मुकादम येतोय. काय सांगायचं त्येला?" मी म्हटलं, कोयता नाही म्हणून सांग. या घरातनं अर्धाही नाही. बोलून तर गेले, पण लेकीकडं बघायची हिंमत झाली नाही. ती दाराशी अभ्यास करत होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

येसर पूर्वीएवढा खपत नाही. आपांनी सांगितलं होतं तसंच. मुकादम येऊन गेला आणि पुढच्या दसऱ्यालाही येणार. मी एक चूक दुरुस्त केली की दुसरी होते. ती बाजाराच्या दिवशी सतरंजीवर सांगते. लेक नववीत गेली. दहावीचं अजून माहीत नाही.

त्या मेळाव्याच्या दिवशी मी तिथं गेले होते. आत नाही, मंगल कार्यालयाच्या गेटवर. कशाला गेले ते मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं. दार उघडं होतं, स्टेज दिसत होतं. दिगंबरभाऊ घाणा फिरवत होते. आणि माझ्या जागी एक तरुण बाई. वीटभट्टीवर काम केलेली, आता पापड करते म्हणे. तिच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, फळीवर विटा रचलेल्या. खऱ्या विटा. मान थरथरत होती तिची. माइकवर वहिनीसाहेब सांगत होत्या, कुठून कुठं आली. फोटोवाला वाकला आणि ती हसली.

ते हसू मी ओळखते. मला तिथंच बसावंसं वाटलं, मातीत. मागच्या वर्षी लोकांना मी अशी दिसले होते तर. मायला शेवटच्या रांगेतून मी अशी दिसले होते. मी नाही म्हटलं म्हणून ते स्टेज रिकामं राहिलं नव्हतं. माझी जागा भरायला त्यांना एक दिवसही लागला नसेल.

कार्यक्रम सुटला. दिगंबरभाऊ बाहेर आले, घामानं भिजलेले, आणि माझ्याशेजारी उभे राहिले. मग ती बाई आली. हातात शाल आणि नारळ. कपाळावर चुंबळीचा वळ, ओठांवर हसू तसंच. मी पुढं झाले. म्हटलं, "बाजाराच्या दिवशी सिरसाळ्याला ये. नसीमआपाचं कपड्याचं दुकान इचार. आमी बसतो तितं. आज काय झालं ते सांगायला ये."

ती माझ्याकडं बघत राहिली. "कावून? चांगला झाला की कार्यक्रम."

"व्हय," मी म्हटलं. "माझा बी चांगला झालता."

तिनं शाल छातीशी धरली. येते म्हणाली नाही, नाही येत असंही म्हणाली नाही. टेम्पोत जाऊन बसली, आणि टेम्पो निघाला तेव्हा तोंड दुसरीकडं होतं तिचं.

ती अजून आलेली नाही. येईल का, मला माहीत नाही. नाही आली तर पुढच्या मेळाव्याला मी पुन्हा तिथं असेन. त्याच्या पुढच्यालाही. ते दर वर्षी कुणाला तरी वर चढवणार, आणि ती खाली उतरेल तेव्हा तिच्या वाटेत मी असणार. त्यांनी हाकललं तर रस्त्याच्या पलीकडं उभी राहीन. आत मी जाणार नाही. गेटवरून हलणारही नाही.